कोहकाटोल्याची एक मागणी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज केंद्रावर रुजू झाले. आरमोरीच्या स्टँडवरून चालत गेले. हजेरीपटावर सही केली. धनराजचे टेबल होते तेच मला दिले. दुपारी डबा खाल्ला, संध्याकाळी परत आले.

धनराज, माझे यजमान, वारले त्याला सहा महिने होतील. संस्थेने त्यांच्या जागी मला घेतले. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आहे, तेव्हा उपकार कोणी केला असे मी मानत नाही.

केंद्रावर दोनच माणसे. मुखरू टॉवर आणि जनरेटर सांभाळतो. प्रफुल इंजिनिअर आहे, चंद्रपूरचा. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या वहिनी, बसा."

मी म्हटले, "मला वहिनी म्हणू नका. इथे मी नीलिमा नाकाडे."

नंतर दिवसभर तो मॅडम म्हणत होता.

धनराज असताना दिवसभराचे संध्याकाळी त्यांना सांगायचे. आता वहीत लिहिणार आहे. लिहायची सवय नाही.

५ फेब्रुवारी

काम समजून घेतले. मोबाईलची रेंज नाही अशा गावांत संस्थेने एकेक पेटी बसवली आहे. पेटीला पडदा आणि बटने. हवामान, धानाचे भाव, दवाखान्याचा कॅम्प, नाल्याचे पाणी, नाटकांची जाहिरात, प्रत्येकाचे वेगळे पान. गावातून बटन दाबले की मागणी इथे येते. इथला टॉवर ते पान हवेत सोडतो.

अडचण एवढीच की टॉवर एका वेळी एकच पान सोडू शकतो. ते सगळ्या पेट्यांना एकदमच मिळते. एकाने मागितले काय आणि शंभरांनी मागितले काय, सोडायचे एकदाच. म्हणून प्रफुलने नियम केला आहे की ज्या पानाला जास्त मागण्या ते आधी. एका फटक्यात जास्त लोक मोकळे होतात. ऐकायला बरोबर वाटते.

आज नाटकांचे पानच परत परत जात होते. वडशाकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या गावांतून मागण्यांचा ढीग होता.

मुखरू म्हणाला, "आजचं नाटक कोन्या गावात, बाई कोन नाचनार, पोट्ट्याइले सारं पायजे. दाबून राह्यले तं दाबूनच राह्यले."

"एकच माणूस पुन्हा पुन्हा दाबतो?"

"बटन फुकट आहे ना, बाई. फुकट असल्यावर कोन सोडते."

मशीन प्रत्येक दाब म्हणजे एक माणूस धरते.

मागच्या ऑगस्टात कोहकाटोल्याने नाल्याचे पान मागितले होते. कोहका नाला त्यांच्याच वाटेत आहे, त्यामुळे ते पान दुसरे कोणी मागत नाही. गावातल्या बाया धानाच्या रोवणीला नाल्यापलीकडे गेल्या होत्या. त्यांना संध्याकाळी परत बोलवायचे की तिकडेच राहू द्यायचे, गावाला एवढेच ठरवायचे होते. त्याच दिवशी नोकरभरतीची यादी लागली. सकाळपासून यादीचे पान जात राहिले आणि कोहकाटोला तळाशी राहिला. दुपारी धनराजनी पाण्याचा आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि ते गाडीने निघाले. रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, पाणी चढले होते. गाडीसकट वाहून गेले.

प्रफुलच्या नियमाने ते गेले. हे मी अजून त्याच्या तोंडावर बोललेले नाही.

११ फेब्रुवारी

आज बोलले.

मी म्हटले, "लहान गावांची पाळी कधी येते?"

"मागण्या कमी झाल्या की येते, मॅडम."

"आणि कमी झाल्याच नाहीत तर?"

तो म्हणाला, "जूनमध्ये नागपूरहून साहेब येणार आहेत. ते एकच आकडा बघतात, माणसाला सरासरी किती थांबावं लागलं. तो वाढला की केंद्र बंद. मग कोणालाच काही मिळणार नाही."

"माझा माणूस तुमच्या सरासरीत कुठे बसतो ते दाखवा मला."

तो जनरेटर बघून येतो म्हणून बाहेर गेला. लाईट होती, जनरेटर बंद होता. बराच वेळ मागेच राहिला. कामचुकार आहे.

१६ मार्च, रविवार

मुखरूच्या गाडीवर कोहकाटोल्याला गेले. वाटेत तो रपटा लागला. पाणी नव्हते. मी खाली पाहिले नाही. मुखरूनेही गाडी हळू केली नाही.

गाव मोहाला गेले होते. झाडाखाली टोपल्या आणि बाया. गावाचा गायता म्हणजे प्रमुख झाडू मडावी, त्याला निरोप गेला तेव्हा तो आला. सोबत त्याची बायको सोमारी आली. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, बसलो. पेटी तिथेच खांबाला बसवली आहे, वर प्लास्टिक बांधलेले.

मी कोण हे सांगितले. झाडूने जोहार केला. सोमारीने फक्त बघितले.

मी सांगितले, "तुम्ही बटन एकदाच दाबता. म्हणून तुमचं पान मागे राहतं. आता पाहिजे ते मिळेपर्यंत दाबत राहा. घरटी एकेकाने दाबा."

झाडू म्हणाला, "आमचं असं नाई, बाई. गाव बसते. काय विचाराचं ते ठरवते. मंग मी दाबतो. गावाची एक गोठ, एक दाब."

"पण मशीनला कळत नाही की ते अख्खं गाव आहे."

"मशीनले नाई कळत तं आमी खोटं काऊन दाबाचं? पेनाले एकदा विचारलं का उत्तर येईपर्यंत बसा लागते. दुसऱ्यांदा विचारलं तं भरोसा नाई असं होते."

मी म्हटले, "हा देव नाही, पेटी आहे."

सोमारी पहिल्यांदा बोलली. "देव नाई हे आमाले बी समजते. धनराजभाऊनंच सांगतलं व्हतं, एकदाच दाबा, सारखं दाबाल तं ब्याटरी जाईल, अना दुसऱ्या गावाची पाळी अडेल. त्याइच्याच हातानं आमाले शिकवलं. आता तुमी येऊन उलटं सांगता."

मी म्हटले, त्यांना तेव्हा मशीनचा नियम माहीत नसेल. मुखरू पायातली चप्पल बघत होता.

मग मी म्हटले, "माझा माणूस तुमच्यासाठी गेला."

"गेला ते खरं," सोमारी म्हणाली. "आमी रडलो बी. पन आमी त्याइले बोलावलो नव्हतो. पानी आमच्या डोळ्यासमोर व्हता. बायाइले आमी तिकडंच रावाले सांगतलं व्हतं."

चहा दिला. मी प्याले नाही.

येताना या लोकांसाठी कोणी काही करू नये असे वाटले. पण ऑगस्ट परत येणार आहे आणि पेटीही तीच राहणार आहे.

९ एप्रिल

प्रफुल चंद्रपूरला गेला आहे, घरच्या लग्नाला. मी मशीनमध्ये कोहकाटोला सगळ्यांच्या वर बांधून टाकला. त्या पेटीतून मागणी आली की तेच पान आधी जाईल. एकदा जाऊन भागेल असे नाही. कोणी पडद्यासमोर नसेल तर? म्हणून दर थोड्या वेळाने तेच पान पुन्हा सोडायला लावले.

आज त्यांनी मोहाचा भाव मागितला. लगेच गेला. दिवसभर जात राहिला. मला बरे वाटले. बऱ्याच दिवसांनी जेवण गेले.

मुखरूने पडद्याकडे पाहून विचारले, "हे काय करून राह्यल्या, बाई?"

मी म्हटले, "काम."

२२ एप्रिल

प्रफुल परत आला आणि त्याला कळले. मुखरूने सांगितले असेल.

सावरटोल्याची गोष्ट झाली होती. गरोदर बायांच्या तपासणीचा कॅम्प तिथून जवळच्या गावात होता, तो ऐनवेळी रद्द झाला. सावरटोल्याने कॅम्पचे पान मागितले होते. ते गेलेच नाही. एक बाई दिवस भरत आलेले असताना उन्हात चालत गेली, तिथे कोणी नव्हते, परतताना वाटेत पडली. तिला गडचिरोलीला नेले. ती आणि पोटातले बाळ दोघे बरे आहेत असे कळले.

प्रफुल उभ्यानेच बोलत होता. "सावरटोल्याने पण एकदाच दाबलं होतं, मॅडम. त्यांचं पान का गेलं नाही माहीत आहे? तुम्ही दिवसभर कोहकाटोल्याचं एकच पान फिरवत होता. त्यांनी परत मागितलंही नव्हतं."

मी म्हटले, "तळाच्या गावाला तळाशीच ठेवायचं हे मी इथेच शिकले."

"मला बोला. पाहिजे तेवढं बोला. पण मशीनला हात लावण्याआधी मला विचारा."

"धनराजनी विचारलं होतं का तुम्हाला, जाऊ का म्हणून?"

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं. गाडीची किल्ली लपवली होती. त्यांच्याकडे दुसरी होती."

खोटे बोलायला त्याला वेळ लागत नाही. आज आठ महिन्यांनी किल्ली सुचली.

घरी किल्ल्या दोन होत्या हे खरे आहे. ते कोणालाही माहीत असू शकते.

त्या बाईचे वाईट वाटले. त्याच्यासमोर दाखवले नाही. कोहकाटोला वरून काढून टाकला, तोही मीच काढला, त्याला हात लावू दिला नाही.

६ मे

केंद्रावर पंख्यानेही गरम हवा येत होती. प्रफुलने मला खुर्ची ओढून त्याच्या पडद्यासमोर बसायला सांगितले. मी उभी राहिले.

त्याने नवा नियम दाखवला. किती जणांनी मागितले, आणि त्यातला पहिला माणूस किती वेळ थांबला, या दोन्हींचा गुणाकार. ज्याचा गुणाकार मोठा ते पान आधी. पुष्कळांनी आत्ताच मागितले तरी ते जाते, आणि एकट्याने मागितले असेल तरी त्याचा आकडा थांबता थांबता वाढत जातो. कधीतरी त्याची पाळी येतेच. शिवाय एका पेटीतून एकच मागणी धरायची, पान जाईपर्यंत कितीही दाबले तरी.

मुखरू म्हणाला, "मंग वडशाचे पोट्टे गेले कामातून."

नियम चांगला आहे. मी मागच्या तारखांच्या मागण्या टाकून पाहिल्या. ऑगस्टचा तो दिवसही टाकला. नाल्याचे पान सकाळीच सुटले असते. मी तो पडदा बंद करून पुन्हा चालू केला. तेच आले.

मग मला दिसले की फाईलवर तारीख सप्टेंबरची आहे. म्हणजे धनराज गेल्यावर महिनाभरात त्याने हे लिहून ठेवले होते.

मी विचारले, "इतके महिने का लावले नाही?"

"याने सरासरी वाढते. मोठ्या गावांना थोडं जास्त थांबावं लागतं. जूनमध्ये साहेबांना तेच दिसणार. केंद्र बंद झालं तर..." एवढे बोलून तो थांबला आणि माझ्या टेबलाकडे पाहू लागला. टेबलावर बघण्यासारखे काही नव्हते.

"तुम्ही म्हणत असाल तर आजच लावतो," तो म्हणाला.

"लावा."

स्वतःच्या नोकरीसाठी त्याने आठ महिने हे दाबून ठेवले. माझ्या तोंडून हो वदवून घेतले, म्हणजे उद्या काही झाले तर माझ्यावर टाकायला मोकळा.

२० मे

तेंदूचा हंगाम. फळीवरच्या, म्हणजे तेंदूपत्ता विकत घेतात तिथल्या, भावाचे पान सगळीकडून मागतात. तरी लहान गावांची पाने मधून मधून सुटत आहेत. वडशाकडून तक्रार आली की पेटी बिघडली, बटन दाबून काही होत नाही. मुखरूने जाऊन सांगितले की एकदा दाबा आणि बिडी ओढा. त्यांनी त्याला शिव्या दिल्या. तो हसत सांगत होता. मला हसू आले नाही, पण ऐकून घेतले.

आज त्याला विचारले, प्रफुल स्वभावाने असाच आहे की माझ्याशीच.

तो म्हणाला, "साहेब पयले लय बोलत होते, बाई. धनराजभाऊ अना ते, दोघं डबा एकच खात. आता ते डबाच नाई आनत."

डबा न आणणारा माणूस दुसऱ्याकडून काढून खातो एवढे मला माहीत आहे.

१२ जून

नागपूरचे दोन साहेब आले. मोठी गाडी, बाटलीतले पाणी. पडद्यावरचे आकडे बघितले. सरासरी वाढली होती.

थोराड साहेबांनी विचारले, "नियम बदलला कोणी? परवानगी कोणाची होती?"

मी बोलणारच होते. मीच लावा म्हटले होते. चार महिने याच्यासाठी भांडले होते.

प्रफुल म्हणाला, "मी बदलला. माझाच निर्णय आहे. मॅडमना यातलं काही माहीत नाही."

मी तिथेच होते आणि मला काही माहीत नाही म्हणे.

मग दुसऱ्या साहेबांनी मागण्यांचा तक्ता बघत विचारले, "जंगलातली गावं एकदाच का दाबतात? मोठी गावं दहादा दाबतात आणि ही एकदा. मशीन आपण दाबांवर चालवतो हे माहीत असताना यांना असं शिकवलं कोणी? त्यानेच तर हा घोळ झाला असणार. पेट्यांचं प्रशिक्षण कोणाकडे होतं?"

मुखरूने मान खाली घातली. प्रफुलने लगेच सांगितले, "माझ्याकडे. मीच शिकवलं."

त्याने एकाही जंगलातल्या गावात पाय ठेवलेला नाही. पेट्या बसवल्या धनराजनी, शिकवले धनराजनी, ऊन, पाऊस, चिखल त्यांनी काढला. आणि हा साहेबांसमोर छातीठोक सांगतो की मी शिकवले. नियम माझा, शिकवणे माझे. मेलेल्या माणसाचे कामही आपल्या नावावर. मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतले.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. पावसाळा संपेपर्यंत केंद्र चालेल, नियमही हाच राहील कारण आता बदलायला माणूस नाही. प्रफुलला काढले. मला ठेवले.

जाताना तो टेबलाशी आला. "नाल्याच्या पानाकडे लक्ष ठेवा," म्हणाला.

मी म्हटले, "मला सांगायची गरज नाही."

बरे झाले गेला. मुखरू मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. त्याच्या पाठीमागून मी विचारले, काय झाले. तो म्हणाला, "काई नाई, बाई. तुमाले नाई समजनार." आणि चहाचा कप न धुताच निघून गेला.

२९ जून

मुखरू कामापुरते बोलतो. प्रफुलची खुर्ची त्याने भिंतीला लावून ठेवली. मी ती पुढे ओढून तिच्यावर छत्री वाळत घातली. दुपारी आले तर खुर्ची परत भिंतीला आणि छत्री खिळ्याला.

आठवड्यात दोनदा वीज गेली. मागण्या रांगेत राहतात, वीज आली की पुढे सुरू. थांबलेला वेळही धरला जातो. हे त्याने चांगले केले होते.

८ जुलै, मंगळवार

पहाटेपासून पाऊस. मुखरू डिझेल आणायला गेला तो तिकडेच अडकला. केंद्रावर मी एकटीच.

सकाळी कोहकाटोल्याची मागणी आली. नाल्याचे पान. एक दाब.

आज अकरावीच्या प्रवेशाची यादी होती. सगळ्या मोठ्या गावांतून मागण्या. यादी सुटली, पुन्हा मागण्या आल्या, पुन्हा सुटली. मी नाल्याच्या आकड्याकडे बघत बसले. तो एकेकाने वाढत होता. हाताने वर घ्यावा असे दोनदा मनात आले. कळफलक पुढे ओढलाही होता. त्याच्या वर दोन लहान गावे होती, दोन्ही एकेका मागणीची, दोन्ही आधी आलेली. मी हात मांडीवर ठेवले.

दोन्ही गावांची पाने गेली. मग यादी एकदा. मग कोहका नाला.

दुपार व्हायची होती. धनराज दुपारी निघाले होते.

पान पोहोचले की नाही हे इथे कळत नाही. पेटीतून फक्त मागणी येते, मिळाल्याचे काही येत नाही. पुन्हा सोडावे असे वाटले. कोहकाटोल्याने पुन्हा मागितले नव्हते. ते गोटुलात बसून असतील, गायता बटनापासून लांब बसला असेल. त्यांना मिळाले म्हणूनच ते गप्प आहेत, आणि मिळाले नसते तरी ते असेच गप्प राहिले असते. असेच शिकवले होते त्यांना.

हे लिहिताना मी थांबले होते. पुढे काय लिहायचे ते कळेना.

पान सुटल्याचे प्रफुलला कळवावे का असे वाटले. त्याचा नंबर आहे. कळवले नाही. त्याने कशाला ऐकायचे.

चार वाजता पाऊस कमी झाला. दाराखालून चिखलाचे पाणी आत आले होते. मी पदर खोचला, पोते आणले, गुडघ्यावर बसून दारापासून आतपर्यंत फरशी पुसली. पोते बाहेर पिळले आणि कठड्यावर वाळत घातले.